हरवलेला लेगब्रेक

स्कॉटलंड म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डोंगर, धुके, मेंढ्यांचे कळप आणि चौकड्यांचे घागरे नेसून वाद्ये वाजवणारे सैनिक उभे राहतात. खेळांचे म्हणाल तर फुटबॉल, आणि गोल्फ, कारण तो खेळ तिथेच वाढला. क्रिकेटचे नाव त्या देशाबरोबर सहसा कोणी घेत नाही. तरीही स्कॉटलंडात क्रिकेट दोनशेहून अधिक वर्षे खेळले जात आहे. उन्हाळा तोकडा, पाऊस केव्हा येईल त्याचा नेम नाही, आणि खेळणारे बहुतेक नोकरदार. त्यामुळे शनिवारची दुपार हाच त्यांचा क्रिकेटचा सण. स्कॉटलंडला स्वतःचा कसोटी संघ कधीच नव्हता. ज्या स्कॉटिश तरुणाला कसोटीची आस लागे त्याने दक्षिणेची वाट धरायची आणि इंग्लंडची टोपी घालायची, अशी रीत होती. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर भारताचा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला, तेव्हा समोरच्या संघाचा कर्णधार असलेला माइक डेनेस हा जन्माने स्कॉटिश. तो दिवस आपल्याकडच्या जुन्या माणसांना अजून बोचतो, पण डेनेस स्कॉटिश होता हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

डेनेसच्या पुष्कळ आधी ही वाट चाललेला एक फिरकी गोलंदाज म्हणजे इयान पीबल्स. त्याचे पूर्ण नाव इयान अलेक्झांडर रॉस पीबल्स. जन्म २० जानेवारी १९०८, अ‍ॅबर्डीन येथे. वडील धर्मोपदेशक. शिक्षण ग्लासगो अ‍ॅकॅडमीत. तो १३ कसोटी सामने खेळला आणि त्यांत त्याने ४५ बळी घेतले. हे आकडे वाचून कोणीही म्हणेल की यात अंक भरून लिहिण्यासारखे काय आहे? मीही ग्रंथालयातल्या खेळांच्या कपाटातून त्याचे पुस्तक काढले ते केवळ पाठीवर फिरकीचे नाव दिसले म्हणून. मी कॉलेजच्या संघात लेगस्पिन टाकतो (संघात असतो तेव्हा, एरवी पाण्याची बाटली घेऊन धावतो), आणि लेगस्पिनवरचे काहीही मला चालते. पण वाचत गेलो तशी एक गोष्ट मनात रुतून बसली. हा माणूस शेवटची कसोटी खेळला तेव्हा त्याचे वय होते २३. त्यानंतर तो ४८ वर्षे जगला. या दोन आकड्यांच्या मध्ये जे आहे ते मला सांगायचे आहे.

त्याआधी क्रिकेट न पाहणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी, आणि वर्गात क्रिकेटच्या गप्पा चालल्या की फळ्याकडे तोंड फिरवणाऱ्या आमच्या काही प्राध्यापकांसाठीही, थोडे मनगटाबद्दल सांगायला हवे.

लेगब्रेक टाकताना चेंडू पहिल्या तीन बोटांत धरतात. सुटताना अनामिका आणि मनगट मिळून त्याला असा पीळ देतात की टप्पा पडल्यावर चेंडू उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर, स्लिपच्या दिशेने वळतो. गुगलीही त्याच हाताने, त्याच धावेने, वरकरणी त्याच ढबीने टाकायची. फक्त मनगट आणखी आत वळवायचे, इतके की हाताची पालथी बाजू फलंदाजाकडे यावी आणि चेंडू करंगळीच्या बाजूने सुटावा. मग पीळ उलटा बसतो आणि चेंडू बाहेर जाण्याऐवजी आत येतो. फलंदाज एका दिशेला बॅट नेतो आणि चेंडू दुसऱ्या दिशेने येऊन दांडी उडवतो. गुगली म्हणजे फसवणूक, पण ती उभी असते लेगब्रेकच्या पायावर. लेगब्रेकची धास्ती नसेल तर गुगलीने फसायचे कोणी?

आमचे आजोबा घायपाताच्या वाखाचे दोर वळतात. वाखाला एका दिशेने पीळ भरत न्यायचा असतो. उलटा पीळ दिला की दोर उकलतो. आणि एका पिळाची सवय झालेला हात दुसऱ्या पिळाला लवकर येत नाही, हे मी त्यांच्याशेजारी बसून पाहिलेले आहे. गुगलीचे नेमके हेच दुखणे आहे. ती फार टाकली की मनगटाला आत वळून राहायची खोड लागते. मग लेगब्रेक टाकायला जावे तर मनगट मागे येतच नाही. चेंडू सरळ जातो किंवा नुसताच घरंगळतो. गोलंदाजाला हे लगेच कळतही नाही. बळी मिळतच असतात.

ही गुगली शोधून काढली मिडलसेक्स कौंटीच्या बर्नार्ड बोझांकेने, १९०० च्या सुमारास. त्याच कौंटीकडून खेळलेला रेजी श्वार्त्झ ती विद्या घेऊन दक्षिण आफ्रिकेला गेला, आणि तिथे गुगलीवाल्यांची एक चौकडीच तयार झाली. त्या चौकडीतला ऑब्री फॉकनर हा पीबल्सच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा माणूस.

फॉकनरबद्दल वेगळा लेख लिहावा लागेल, इतका तो मोठा होता. १९०७ मध्ये लीड्सच्या कसोटीत त्याने १७ धावांत ६ बळी घेतले. फलंदाजीतली त्याची कसोटीतली सरासरी चाळिसाच्या वर. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ मध्ये, वॉरविक आर्मस्ट्राँगचा ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडभर अजिंक्य फिरत असताना ईस्टबोर्न येथे एका जमवाजमव केलेल्या संघाने त्याला २८ धावांनी हरवले. त्या सामन्यात ३९ वर्षांच्या फॉकनरने १५३ धावा केल्या आणि ६ बळीही घेतले. पुढे १९२५ मध्ये त्याने लंडनमध्ये क्रिकेटची शाळा काढली. शाळा कसली, एका जुन्या गॅरेजच्या छपराखाली नेट लावून केलेली सोय. पण पावसातही तिथे सराव करता येई, आणि शिकवणारा फॉकनर होता. चेंडू का वळतो, पाय कुठे पडावा, खांदा केव्हा फिरावा याचा असा कारणांसहित विचार करणारे शिक्षक त्या काळी विरळा.

या शाळेत पीबल्स आला तो विद्यार्थी म्हणून आणि नोकर म्हणूनही. फॉकनरने त्याला शाळेचा सचिव म्हणून ठेवून घेतले. पत्रे लिहायची, हिशेब पाहायचे, आणि उरलेल्या वेळात गोलंदाजी करायची. उंच बांधा, लयदार धाव, खांद्यावरून उंच येणारा हात. फॉकनरला या पोरात काहीतरी दिसले आणि त्याने त्याच्या मनगटाला आकार दिला. एमसीसीत ज्याच्या शब्दाला वजन होते त्या पेल्हम वॉर्नरचेही लक्ष त्याच्याकडे गेले. १९२७ च्या उन्हाळ्यात, तोवर प्रथम श्रेणीचा एकही सामना न खेळलेल्या या मुलाला ओव्हलवर जंटलमेन संघात घेतले गेले.

इथे जंटलमेन आणि प्लेअर्स ही काय भानगड होती ते सांगतो, कारण ती कळल्याशिवाय पीबल्सचे आयुष्य नीट कळणार नाही. इंग्लंडमध्ये खेळाडूंच्या दोन जाती होत्या. मी शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. जे खेळण्याचे पैसे घेत नसत ते हौशी, म्हणजे जंटलमेन. जे पैसे घेऊन खेळत ते व्यावसायिक, म्हणजे प्लेअर्स. कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, कित्येक मैदानांवर आत येण्याची फाटकेही वेगळी. धावफलकाच्या कागदावर नावाची आद्याक्षरे कोणाची पुढे आणि कोणाची मागे छापायची याचाही नियम. इंग्लंडचे कर्णधारपद तर हौशी खेळाडूसाठीच राखलेले. ही पद्धत १९६२ मध्ये संपली. पीबल्स हौशी म्हणून खेळला. पण हौस परवडायला घरी जमीनजुमला लागतो. धर्मोपदेशकाच्या मुलाकडे तो नव्हता. मग अशा मुलाला दौऱ्यावर न्यायचे कसे? १९२७-२८ च्या हिवाळ्यात एमसीसीचा संघ दक्षिण आफ्रिकेला निघाला, तेव्हा त्यावर तोड निघाली: पीबल्सला कर्णधार स्टॅनिफोर्थचा सचिव म्हणून घेतले. कागदोपत्री तो कर्णधाराची पत्रे सांभाळणारा होता; प्रत्यक्षात तो त्या मालिकेत चार कसोटी खेळला. बोटीवर चढताना त्याचे वय १९ होते, म्हणजे आज माझे आहे तेवढे. त्या दौऱ्यात त्याच्या हातून फार काही झाले नाही. पण विशीच्या उंबरठ्यावर, एकही पूर्ण मोसम न खेळलेला मुलगा कसोटीपटू झाला होता.

पुढच्या तीन वर्षांत मात्र त्याने धमाल उडवून दिली. मिडलसेक्सकडून, म्हणजे गुगली जिथे जन्मली त्याच कौंटीकडून, तो खेळू लागला. गुगली लॉर्ड्सहून आफ्रिकेला गेली, फॉकनरबरोबर परत लंडनला आली आणि एका स्कॉटिश पोराच्या हातातून पुन्हा लॉर्ड्सवर पोचली, असा तिचा प्रवास. १९२९, १९३० आणि १९३१ अशा सलग तीन मोसमांत पीबल्सने दरवर्षी शंभरावर बळी घेतले. मध्येच तो ऑक्सफर्डला गेला. तिथे तो एकच मोसम खेळला, पण १९३० च्या केंब्रिजविरुद्धच्या सामन्यात त्याने १३ बळी मिळवले.

आणि १९३० चा तो उन्हाळा म्हणजे ब्रॅडमनचा उन्हाळा. डॉन ब्रॅडमन तेव्हा २१ वर्षांचा होता. पहिल्या कसोटीत १३१, लॉर्ड्सला २५४, लीड्सला ३३४. त्यातल्या ३०९ एकाच दिवसात. इंग्लंडच्या गोलंदाजांची मती गुंग झाली होती. टेट झाला, लारवूड झाला, सगळे झाले. चौथी कसोटी मँचेस्टरला, ओल्ड ट्रॅफर्डवर, जुलैच्या शेवटी. तिथे निवड समितीने २२ वर्षांच्या पीबल्सला बोलावले.

त्या डावाचे वर्णन वाचताना मी दोनदा पुस्तक मिटले आणि पुन्हा उघडले. ब्रॅडमन खेळायला आला. पीबल्सचा पहिलाच चेंडू त्याला चकवून यष्ट्यांच्या अगदी जवळून गेला. लीड्सच्या मैदानावर दिवसभर राज्य केलेला माणूस इथे चाचपडत होता. कुठला चेंडू बाहेर जाणार आणि कुठला आत येणार याचा त्याला अंदाज येईना. स्लिपमध्ये एकदा झेल सुटलाही. पण थोड्याच वेळात पुन्हा बॅटची कड लागली आणि या वेळी स्लिपमध्ये दुलीपसिंहजी होता, आपल्या रणजींचा पुतण्या. त्याच्या हातून चेंडू सुटला नाही. ब्रॅडमन १४ धावांवर बाद. स्कॉटलंडच्या मुलाने टाकलेला चेंडू, नवानगरच्या राजपुत्राने घेतलेला झेल, आणि बळी ऑस्ट्रेलियाच्या विक्रमवीराचा! पुढे पावसाने सामना धुऊन टाकला आणि तो अनिर्णित राहिला. पण ब्रॅडमनला फिरकीने कोड्यात टाकता येते, ही बातमी इंग्लंडभर झाली.

पाचवी कसोटी ओव्हलवर. मालिका एक-एक अशी बरोबरीत, म्हणून निकाल लागेपर्यंत खेळायचे असे ठरलेले. जॅक हॉब्जची ही शेवटची कसोटी. इंग्लंडने ४०५ केल्या. उत्तरादाखल ऑस्ट्रेलियाने केल्या ६९५, आणि त्यांत ब्रॅडमनच्या २३२. इंग्लंड डावाने हरले, मालिकाही गेली. या डावात पीबल्सने किती गोलंदाजी केली? ७१ षटके. म्हणजे ४२६ चेंडू. २०४ धावा देऊन ६ बळी. दोनशे धावा दिलेल्या गोलंदाजाचे कौतुक काय करायचे, असे आमच्या संघातला एकजण म्हणाला. मला ते पटत नाही. ज्या डावात समोरचे जवळजवळ सातशे करतात आणि बाकीच्या सगळ्या गोलंदाजांना मिळून उरलेल्या चार गड्यांवर समाधान मानावे लागते, तिथे ६ बळी घेणारा एकटाच लढत होता असे मी म्हणेन. पण एक गोष्ट खरी: एवढी षटके टाकताना मनगटावर काय बेतते ते मला ठाऊक आहे. मी एका दिवसात पंधरा षटके टाकली होती तेव्हा रात्री ताटातली भाकरी डाव्या हाताने मोडली.

कसोटी २२ ऑगस्टला संपली. १० सप्टेंबर १९३० रोजी ऑब्री फॉकनरने आपल्या क्रिकेट शाळेतच, गॅस सोडून, आत्महत्या केली. तो ४८ वर्षांचा होता.

पीबल्सबद्दल लिहिणारे त्याच्या घसरणीचे कारण सांगताना गुगलीवर येऊन थांबतात. तो गुगली फार टाकू लागला आणि लेगब्रेक गमावून बसला, असे ते सांगतात, आणि ते खरे आहे. पण मी या तारखा एकाखाली एक मांडून पाहिल्या तेव्हा मला आणखी एक गोष्ट दिसली. ज्या माणसाने ते मनगट घडवले, ज्याला त्याच्या पिळाचा धागा न धागा माहीत होता, तो माणूस नेमक्या त्याच वळणावर निघून गेला. बळी मिळत असताना, टाळ्या पडत असताना, गोलंदाजाला थांबवून जरा लेगब्रेक टाक पाहू असे कोण सांगणार? कर्णधाराला बळी हवे असतात. प्रेक्षकांना गुगली हवी असते. समोरच्या फलंदाजाला गुगली कळत नाही हे दिसते आहे तोवर ती न टाकण्याचा शहाणपणा बाविसाव्या वर्षी कोणाला सुचेल? हा माझा तर्क आहे; पुस्तकात असे लिहिलेले नाही. पण गोलंदाजी एकट्याने टिकत नाही, कोणीतरी मागे उभे राहून पाहावे लागते, एवढे मला नेटमध्ये नक्की कळले आहे. आजच्यासारखे कॅमेरेही तेव्हा नव्हते. आज टीव्हीवर एकेका चेंडूचे मनगट दहा वेळा फिरवून दाखवतात. १९३० साली मनगट पाहायला डोळस माणूसच लागे.

तुलनेसाठी क्लॅरी ग्रिमेट पाहा. त्याच १९३० च्या मालिकेत ऑस्ट्रेलियाकडून त्याने २९ बळी घेतले. तोही लेगस्पिनर, पण गुगली जपून वापरणारा. आमच्याकडे लग्नातली पैठणी जशी सणालाच निघते तशी त्याची गुगली क्वचित निघे. रोजचा व्यवहार लेगब्रेकवर आणि सरळ जाणाऱ्या चेंडूवर. तो वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत कसोटी खेळला, आणि २०० कसोटी बळींचा टप्पा ओलांडणारा जगातला पहिला गोलंदाज ठरला. १९३१ च्या विस्डेनने वर्षातले पाच क्रिकेटपटू निवडले, त्यांत ब्रॅडमन, ग्रिमेट आणि पीबल्स ही तिन्ही नावे होती. ब्रॅडमन आणि ग्रिमेट यांची पुढची वर्षे सर्वांना माहीत आहेत.

पीबल्सचे पडणे एकदम झाले नाही. १९३०-३१ मध्ये तो पुन्हा दक्षिण आफ्रिकेला गेला, आणि या वेळी कर्णधाराचा सचिव म्हणून नव्हे, तर संघातला प्रमुख फिरकी गोलंदाज म्हणून. चार कसोटींत १८ बळी. १९३१ च्या उन्हाळ्यात न्यूझीलंडविरुद्ध लॉर्ड्सला दोन्ही डावांत मिळून ९. त्या मालिकेत इंग्लंडचा कर्णधार होता डग्लस जार्डिन. त्याचेही आईवडील स्कॉटिश, आणि जन्म मात्र आपल्या मुंबईच्या मलबार हिलवरचा. आकडे पाहिले तर सगळे ठीक दिसते. पण आतून दोर उकलू लागला होता. लेगब्रेकचा वळसा कमी होत गेला. मग बळीसाठी गुगलीवर अधिक भिस्त, आणि गुगली वाढली की लेगब्रेक आणखी दुबळा. फलंदाजही हुशार झाले. हा आता बाहेर वळवू शकत नाही हे एकदा कळले की गुगली म्हणजे नुसता आत येणारा संथ चेंडू. न्यूझीलंडविरुद्धची ती मालिका संपली तिथे पीबल्सचे कसोटीजीवनही संपले.

पुढच्याच वर्षी, १९३२-३३ मध्ये, जार्डिन ऑस्ट्रेलियाला गेला. ब्रॅडमनवर उपाय म्हणून त्याने लारवूड आणि वोस यांच्या हाती अंगावर येणारा वेगवान मारा दिला, आणि बॉडीलाइनच्या नावाने दोन देशांत वितुष्ट आले. ब्रॅडमनला १४ वर गप्प करणारा फिरकी गोलंदाज त्या बोटीवर नव्हता. तो असता, आणि १९३० सारखा असता, तर क्रिकेटचा इतिहास वेगळा झाला असता का? गप्पांच्या फडात या प्रश्नावर तासभर जातो. मी त्यात पडत नाही. ओव्हलवर ब्रॅडमनने २३२ केल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही.

मिडलसेक्सकडून पीबल्स जमेल तसा खेळत राहिला. काही मोसमांत तर मोजकेच सामने, कारण हौशी खेळाडूला पोट मैदानाबाहेर भरावे लागते. त्याची प्रथम श्रेणीतली कारकीर्द पुरी झाली तेव्हा बळी भरले ९२३, सरासरी एकवीसच्या थोडी वर. म्हणजे मनगटाने दगा दिल्यानंतरही त्याने टप्पा, उंची आणि डोके यांच्या जोरावर शेकडो फलंदाज बाद केले. या भागाबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. बिचारा पीबल्स म्हणून हळहळायचे आणि पुढे जायचे, अशी रीत दिसते. ज्याची मुख्य विद्या हातून गेली आहे त्याने रोज सकाळी मैदानावर जाऊन उरलेल्या विद्येवर काम भागवायचे, हे मला मँचेस्टरच्या त्या झेलापेक्षा कमी वाटत नाही.

१९३७-३८ मध्ये तो भारतात आला होता, हे वाचून मला फार आनंद झाला. लॉर्ड टेनिसनच्या संघातून तो आला. हा लॉर्ड टेनिसन म्हणजे इंग्रजीच्या तासाला आपल्याला भेटणाऱ्या कवी टेनिसनचा नातू. मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम तेव्हा नुकतेच बांधून झाले होते, आणि डिसेंबर १९३७ मध्ये त्यावरचा पहिला सामना क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने याच संघाशी खेळला. दौऱ्यात पाच अनधिकृत कसोटी झाल्या. आपला कर्णधार विजय मर्चंट. आपण दोन जिंकल्या, पाहुण्यांनी तीन. अमरसिंगच्या गोलंदाजीने आणि विशीतल्या विनू मंकडच्या अष्टपैलू खेळाने तो दौरा गाजला. आपल्याकडच्या लेगस्पिनचा मोठा काळ पुढे यायचा होता. दादरचा सुभाष गुप्ते तर तेव्हा शाळकरी पोर होता.

१९३९ मध्ये मिडलसेक्सने पीबल्सला कर्णधार केले. कॉम्प्टन आणि एड्रिच ही पुढच्या पिढीची पोरे त्याच्या हाताखाली खेळली, आणि कौंटी अजिंक्यपद स्पर्धेत मिडलसेक्स दुसरे आले. कर्णधार म्हणून दुसरा मोसम त्याला मिळायचाच नव्हता. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले. लंडनवरच्या एका हवाई हल्ल्यात पीबल्सचा एक डोळा गेला. मनगट गेले होतेच, आता डोळा. तरी युद्ध संपल्यावर तो थोडेफार सामने खेळला. १९४८ पर्यंत मिडलसेक्सच्या यादीत त्याचे नाव सापडते.

यानंतर पोटासाठी त्याने मद्याच्या व्यापारात नोकरी केली आणि हातात लेखणी घेतली. संडे टाइम्समध्ये तो क्रिकेटवर लिहू लागला, आणि लवकरच त्याची गणना चांगल्या क्रिकेट लेखकांत होऊ लागली. त्याचे लिखाण मिश्कील आहे. रडगाणे नाही. स्वतःच्या फजितीच्या गोष्टी तो इतरांच्या फजितीपेक्षा चवीने सांगतो. मला इंग्रजी वाचताना अजून शब्दकोश जवळ ठेवावा लागतो, आमच्या घरात माझ्याआधी इंग्रजी पुस्तक कोणी उघडलेले नाही, तरीही त्याच्या काही पानांवर मी वाचनालयात एकटाच हसलो आणि ग्रंथपालांनी मान वर करून पाहिले.

त्याच्या पुस्तकांतले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते १९६८ चे, चेंडू फेकण्याच्या प्रश्नावरचे. १९६० मध्ये लॉर्ड्सवर दक्षिण आफ्रिकेच्या ग्रिफिनचे, आणि १९६३ मध्ये ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या मेकिफचे चेंडू पंचांनी फेकी ठरवले. मेकिफची तर कारकीर्दच त्या दिवशी संपली. कोपर कुठवर वाकला तर गोलंदाजी आणि कुठून पुढे फेक, यावर क्रिकेटजगतात भांडणे पेटली होती. पीबल्सने हात, कोपर आणि खांदा यांच्या हालचालींचा बारकाईने विचार करून ते पुस्तक लिहिले. वाचताना मला फॉकनरची आठवण झाली. कारणांसहित विचार करायची ती सवय त्या गॅरेजमधलीच असणार.

१९६९ मध्ये त्याने फ्रँक वुली आणि पॅट्सी हेंड्रेन या दोन फलंदाजांची चरित्रे लिहिली. गोलंदाजाने फलंदाजांची चरित्रे लिहावीत याची मला गंमत वाटते. शत्रूकडे इतक्या प्रेमाने कोण पाहतो? स्वतःचे आत्मचरित्र मात्र त्याने उशिरा, १९७७ मध्ये लिहिले. ‘स्पिनर्स यार्न’ हे त्याचे नाव. यार्न म्हणजे सूत, आणि यार्न म्हणजे गप्पाही. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हा श्लेष समजायला शब्दकोश लागत नाही. तेच पुस्तक आपल्या ग्रंथालयात खेळांच्या कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात आहे. पुठ्ठा सुटलेला आहे, जपून हाताळावे.

ते प्रसिद्ध झाल्यावर तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९८० च्या अखेरीस, बकिंगहॅमशायरमधील स्पीन या गावी इयान पीबल्स वारला. त्याचे वय ७२ होते. ब्रॅडमन त्यानंतर आणखी २१ वर्षे जगला.